दिसतंय, पण वाचता येत नाही

१८८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसमधल्या एका निवृत्त कापड-व्यापाऱ्याला एकाएकी वाचता येईनासं झालं. वय ६८. माणूस सुशिक्षित, संगीताचा षौकीन, हिशोबाला पक्का. त्याआधी काही दिवस उजव्या हातापायाला मधूनच बधिरपणा आला होता, पण तो तेवढ्यापुरता. आता मात्र समोरचं पान दिसत होतं आणि त्यातला एक शब्द लागत नव्हता. त्याला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असणार. म्हणून तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांचं नाव एडमंड लँडोल्ट. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांनी काढलेली आकृती कदाचित पाहिली असेल. दृष्टी तपासायच्या काही तक्त्यांवर अक्षरांऐवजी इंग्रजी 'सी'सारखी तुटकी वर्तुळं असतात. फट वरच्या बाजूला आहे, खालच्या की डाव्या-उजव्या, एवढंच सांगायचं. ती 'लँडोल्टची वर्तुळं', त्याच सुमाराची, १८८८ सालची. अक्षरओळख नसलेल्या माणसाचीही नजर त्यांनी मोजता येते. अशा डॉक्टरपुढे हा रुग्ण बसला होता, आणि त्याची नजर चांगली होती. उजव्या बाजूचं दृष्टिक्षेत्र तेवढं अधू झालं होतं. लँडोल्टनी अक्षरं दाखवली. रुग्ण म्हणाला, हे दिसतंय, चितारूनही दाखवतो, पण नाव सांगता येत नाही. मोठा 'ए' त्याला चित्र ठेवायच्या तिकाटीसारखा दिसे, 'झेड' सापासारखा, 'पी' पट्ट्याच्या बकलासारखा. आकडे मात्र तो ओळखत होता, बेरीज-वजाबाकी करत होता. आणि सगळ्यात चमत्कारिक भाग असा की त्याला लिहिता येत होतं. सांगितलेला मजकूर तो बिनचूक लिहून काढी, आणि नंतर स्वतःचंच लिखाण त्याला परक्या लिपीसारखं वाटे.

एक पळवाट त्याला सापडली होती. अक्षराच्या रेषेवरून बोट फिरवलं, किंवा हवेतच ते गिरवलं, की ते कोणतं हे कळे. डोळ्याने बंद झालेलं दार हाताने किलकिलं होत होतं.

लँडोल्टनी त्याला जूल देजेरीन या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चार वर्षं हा गृहस्थ असाच जगला. नवं संगीतही शिकला, पण कानाने ऐकून. जानेवारी १८९२ मध्ये दुसरा झटका आला, लिहिणंही गेलं, आणि काही दिवसांत तो वारला. देजेरीननी मेंदू उघडून पाहिला. डाव्या अर्ध्या मेंदूच्या मागच्या भागात जुनी इजा होती. त्यांचा निष्कर्ष असा की डोळ्याकडून आलेलं चित्र आणि भाषा सांभाळणारा भाग यांच्यामधला रस्ता तुटला होता. बोलणं, ऐकणं, अर्थ, व्याकरण सगळं जागच्या जागी होतं. भाषा शाबूत आणि डोळेही बऱ्यापैकी शाबूत, तरी वाचन गेलेलं.

अक्षरं पुसट असली, दाटीवाटीने बसली असली, वाकडीतिकडी असली, तर मेंदूतल्या भाषेच्या कामावर काय परिणाम होतो, या प्रश्नाच्या इतिहासात मी मुद्दाम इथून शिरतोय. कारण 'दिसणं' आणि 'समजणं' यांच्या मधे एक तिसरं काम असतं, हे या माणसामुळे इतकं उघड झालं. ते काम म्हणजे आकाराचं अक्षर करणं. मजकूर सुबक छापलेला असला की हे काम चाललेलं आपल्याला कळतसुद्धा नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटोचा फोटो वाचताना ते कळतं.

लँडोल्टच्या काळातच, त्याच शहरात, एमिल जाव्हाल नावाचे दुसरे नेत्रतज्ज्ञ होते. सोरबॉनमधल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. १८७८-७९ च्या सुमाराला त्यांनी वाचन या क्रियेकडेच लक्ष वळवलं. तोवर सर्वसाधारण समज असा की नजर ओळीवरून पाण्यासारखी सरकत जाते. जाव्हालच्या प्रयोगशाळेतल्या लामार यांनी वाचणाऱ्याच्या वरच्या पापणीला एक बारीक साधन टेकवलं आणि डोळा हलला की होणारा आवाज ऐकला. त्याच वेळी एवाल्ट हेरिंग हे संशोधकही रबरी नळ्यांनी असेच आवाज ऐकत होते. दोघांनाही ऐकू आलं ते सलग वाहणं नव्हतं, ठक् ठक् होतं. डोळा उड्या मारतो. आज आपल्याला माहीत आहे की रोमन लिपीचा सराईत वाचक साधारण २०० ते २५० मिलिसेकंद एका जागी थांबतो, मग सातआठ अक्षरं ओलांडून पुढे झेपावतो. झेपेच्या दरम्यान काही वाचलं जात नाही. आणि थांबतो तेव्हाही खरं स्पष्ट दिसणारं वर्तुळ केवढं? हात लांब करून अंगठा धरा. त्या नखाएवढं. बाकीचं सगळं धूसर असतं, आपल्याला ते जाणवत नाही इतकंच.

जाव्हालनी आणखी एक गंमत टिपली. रोमन लिपीतल्या ओळीचा खालचा अर्धा भाग झाकला तरी ती बऱ्यापैकी वाचता येते. वरचा झाकला की वाचक अडखळतो. रोमन अक्षरांची ओळखीची खूण वरच्या अंगाला जास्त असते.

हे वाचल्यावर मी लगेच देवनागरीवर कागद ठेवून पाहिला. तुम्हीही पाहा. आपल्याकडे हा नियम तसाच लागू पडत नाही, कारण आपलं अक्षर तीन मजली आहे. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. मधे मुख्य अक्षर. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीत आहे. म्हणजे लँडोल्टच्या वर्तुळासारखाच प्रश्न: फट दिसतेय की नाही? पूर्वीच्या 'ख'चा 'रव' होऊ नये म्हणून पुढे दोन्ही भाग खाली जोडून घेतले गेले. तीन मजल्यांची दुसरी किंमत अशी की एकाच मापाच्या टाइपात मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा लहान दिसतो. वरखाली जागा सोडायची म्हटल्यावर मधल्या मजल्याला उंची कमी मिळणारच. फोनवर इंग्रजी लेख ज्या मापात आरामात वाचता त्याच मापात मराठीला डोळे बारीक करावे लागतात, त्यात तुमच्या मराठीचा दोष नाही.

हा मजल्यांचा प्रश्न मुंबईतल्या लोकांनी हाताने सोडवला होता. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्यांच्या अक्षरांनी पुढच्या कितीतरी पिढ्यांचं वाचन घडवलं. जावजी १८३९ साली जन्मले. जाव्हालही १८३९ चेच. एकाने डोळ्याच्या बाजूने प्रश्न धरला, दुसऱ्याने शिशाच्या बाजूने. माझ्या माहितीत दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ही जोडी आवडते.

पॅरिसमध्ये डोळ्यांच्या उड्या ऐकल्या जात होत्या तेव्हा वाचनाच्या वेगाचं काम जर्मनीत चाललं होतं. लाइपझिगला विल्हेल्म वुंटच्या प्रयोगशाळेत जेम्स मकीन कॅटेल हा अमेरिकन तरुण होता. १८८५-८६ च्या आसपास त्याने अक्षरं आणि शब्द सेकंदाचा अगदी छोटा अंश दाखवून लोकांना काय कळतं ते मोजलं. असंबद्ध अक्षरं असतील तर तीनचार पकडता येत. तेवढ्याच वेळात शब्द दाखवले तर त्यातून कितीतरी जास्त अक्षरं हाती लागत. वाक्य असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ओळखीची भाषा डोळ्याला मदत करते. अर्थ वरून खाली उतरून अक्षराला हात देतो.

या शोधाचा पुढे थोडा विपर्यास झाला. शब्द आख्खाच्या आख्खा, त्याच्या बाह्याकृतीवरून ओळखला जातो, अक्षरांची गरजच नाही, असं मानणारी परंपरा त्यातून निघाली आणि शाळांमध्येही शिरली. तिच्यावर सगळ्यात जोरदार घाव बसला तो २००३ मध्ये. डेनिस पेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शब्द कितीही ओळखीचा असो, त्यातलं अक्षर न् अक्षर वेगळं दिसेल एवढा ठसठशीतपणा नसेल तर तो वाचताच येत नाही. रोज हजारदा वाचलेला शब्दही त्याला अपवाद नाही. आयुष्यभराच्या सवयीने मेंदू अक्षरं समांतर, एका दमात ओळखायला शिकतो, पण अक्षरांना वळसा घालून जायला शिकत नाही.

मग सवयीने काय होतं? पुष्कळच होतं. आपल्याकडचं उदाहरण मोडीचं. आधी पानभर आडव्या रेघा आखायच्या, मग हात न उचलता त्या रेघेखाली लिहीत जायचं, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. आज पेशवे दप्तरातला एखादा कागद समोर आला तर बहुतेक मराठी माणसांची अवस्था त्या पॅरिसच्या व्यापाऱ्यासारखी होते: रेषा दिसतात, भाषा आपलीच आहे, शब्द लागत नाही. पण दफ्तरातल्या कारकुनांना ते भराभर वाचता येत होतं. छापील मराठीसाठी टिकली ती मात्र दुसरी लिपी, आणि तिचं नाव काय, तर 'बाळबोध'. लहान मुलाला कळेल अशी. लिपीच्या नावातच सुवाच्यतेची जाहिरात! युरोपातही जुनी लॅटिन हस्तलिखितं सलग, जागा न सोडता लिहिलेली असत. शब्दांमध्ये मोकळी जागा टाकायची पद्धत सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठांतून पसरली. लॅटिन तिथल्या भिक्षूंची मातृभाषा नव्हती. भाषा कच्ची असेल तर पानाने जास्त मदत करावी लागते, हे त्यांना कुठल्याही यंत्राशिवाय कळलं होतं.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डोनाल्ड पॅटरसन आणि माइल्स टिंकर यांनी हा विषय अक्षरशः घाऊक पद्धतीने तपासला. १९४० च्या त्यांच्या पुस्तकापर्यंत ३३ हजारांहून अधिक लोकांच्या वाचनवेगाच्या चाचण्या झाल्या होत्या. टाइपांच्या प्रेमात असलेल्या लोकांची त्यांनी जरा निराशाच केली. रोजच्या वापरातल्या नेहमीच्या टाइपांमध्ये वेगाचा फरक नगण्य निघाला. फरक पडत होता तो दुसऱ्याच गोष्टींनी: सगळाच मजकूर मोठ्या लिपीत छापला की वेग सुमारे १२ टक्क्यांनी घसरे, अक्षर फार लहान, ओळ फार लांब, शाई आणि कागद यांच्यात उठाव कमी असेल तरी वाचन मंदावे. थोडक्यात, कोणता फाँट यावर आपण जेवढं भांडतो तेवढं त्यात नाही. उठाव, माप आणि मोकळी जागा यांत जास्त आहे.

त्यातली मोकळी जागा हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९७० साली नेदरलँड्समधल्या हर्मन बाउमा यांनी गर्दीचा नियम मांडला. नजरेच्या कडेला असलेलं एकटं अक्षर ओळखता येतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी आणून बसवले की ते ओळखू येत नाही, अगदी तेवढंच मोठं असलं तरी. ते धूसर होत नाही, शेजाऱ्यांत मिसळून जातं. मध्यापासून जितकं दूर, तितकी जास्त मोकळी जागा हवी. काही लोकांना ही गर्दी इतरांपेक्षा जास्त छळते. २०१२ मध्ये मार्को झोर्झी आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या वाचनअक्षमता असलेल्या ७४ मुलांना तोच मजकूर अक्षरांमधलं अंतर वाढवून वाचायला दिला. कोणतंही प्रशिक्षण नाही, फक्त अंतर. चुका निम्म्यावर आल्या, वेग २० टक्क्यांहून अधिक वाढला. देवनागरीत मात्र हे तसंच्या तसं करता येत नाही. अक्षरं लांब केली की शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा हीच आपल्याकडे शब्दाची दोरी. काही ॲपमध्ये इंग्रजीसाठी ठेवलेलं अंतर मराठीला जसंच्या तसं लावलेलं दिसतं आणि एका शब्दाचे चार तुकडे लोंबकळताना दिसतात. ते बघवत नाही.

पण हे सगळं बाहेरून मोजलेलं. कवटीच्या आत काय चालतं?

२००० साली लॉराँ कोएन, स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून एक जागा दाखवली: डाव्या अर्ध्या मेंदूत, मागे-खाली, साधारण तिथेच जिथे देजेरीनच्या रुग्णाचा रस्ता तुटला होता. लिहिलेला शब्द दिसला की ती चेतते, बोललेल्या शब्दाने फारशी नाही. तिला 'दृश्य शब्दरूपाचं क्षेत्र' म्हणतात. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी खास अवयव उगवणं शक्य नाही. चेहरे, वस्तू ओळखण्याच्या आसपासची जागाच शिक्षणाने कामाला लागते.

२००८ मध्ये याच गटाने आपल्या प्रश्नाचा थेट प्रयोग केला. सराईत फ्रेंच वाचकांना शब्द दाखवले, आणि ते हळूहळू बिघडवत नेले. कधी शब्द तिरका करत न्यायचा, कधी अक्षरं एकमेकांपासून लांब करायची, कधी शब्द नजरेच्या कडेला सरकवायचा. थोडं बिघडवलं तर काहीच होत नाही, मेंदू सांभाळून घेतो. चार अक्षरी शब्दाला जितका वेळ, जवळपास तितकाच आठ अक्षरीला. मग एक उंबरठा येतो. शब्द ४५ अंशांपलीकडे कलला, किंवा दोन अक्षरांमध्ये दोन अक्षरांएवढी रिकामी जागा पडली, की चित्र बदलतं. आता शब्द जितका लांब तितका वेळ जास्त. म्हणजे एका दमात चालणारं काम बंद पडलं आणि एकेक अक्षर मोजत जाणं सुरू झालं. त्याच क्षणी प्रतिमांमध्ये डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचे, लक्ष वळवणारे भाग जोरात कामाला लागलेले दिसतात. 'हे अक्षर, मग हे, मग हे' असं बोट ठेवण्याचं काम त्यांचं.

पहिलीतलं मूल असंच वाचतं. उंबरठ्याच्या पलीकडे सराईत वाचक पुन्हा पहिलीत जातो.

इथे खरा हिशोब सुरू होतो. आपलं लक्ष मर्यादित आहे. अक्षरं फुकटात मिळाली तर सगळं लक्ष अर्थावर, वाक्याच्या वळणावर, लेखक खरं बोलतोय का यावर खर्च करता येतं. अक्षरांसाठीच मोजावं लागलं तर पुढच्याला कमी उरतं. पुसट मजकुरात आपण मग दुसरा आधार शोधतो: संदर्भ. कीथ स्टॅनोविच यांनी १९८० मध्ये मांडलं की शब्द ओळखणं जड जातं तेव्हा वाचक संदर्भावर जास्त रेलतो. आणि कच्चे वाचक चांगल्या वाचकांपेक्षा संदर्भाचा टेकू जास्त घेतात, कमी नव्हे. अंदाज गोष्टीच्या पुस्तकात चालून जातो. औषधाच्या पट्टीवर, सातबाऱ्यावर, प्रश्नपत्रिकेतल्या 'नाही' या शब्दावर तो चालत नाही.

लॉकडाऊनच्या काळात माझी भाची सातवीत होती. तिच्या वर्गाच्या गटावर धड्यांचे फोटो येत. पुस्तक तिरकं धरलेलं, पानावर कुणाच्या तरी हाताची सावली, आणि ते सगळं आईच्या फोनच्या तडा गेलेल्या पडद्यावर. उतारा वाचून उत्तरं लिहायची. काही महिन्यांनी शेरा आला की आकलन कमी पडतंय. आकलनापर्यंत ती पोचत होती का, हे कुणी विचारलं नाही. तोच उतारा छापील पुस्तकातून दिल्यावर तिने अर्ध्या वेळात उत्तरं लिहिली, हे मी शेजारी बसून पाहिलंय. एका मुलीवरून सिद्धांत काढता येत नाही, मान्य. पण ज्याची भाषा आधीच पक्की आहे त्याला खराब पान थोडं दमवतं, आणि ज्याची भाषा अजून घडतेय त्याला ते 'ढ' ठरवतं, ही विषमता मला तिथे पहिल्यांदा दिसली.

अर्थाच्या बाजूनेही पाहायला हवं. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला विद्युत्-तरंग टिपणारे पट्टे लावून एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. शेवटचा शब्द मधूनच विसंगत असे. पावावर लोण्याऐवजी मोजे लावल्यासारखा. अशा वेळी शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ठरावीक ऋण लाट येई. तिला आज 'एन-४००' म्हणतात. त्याच प्रयोगात त्यांनी काही वाक्यांत अर्थ बरोबर ठेवून शेवटच्या शब्दाचं अक्षरच मोठं केलं. तेव्हा ती लाट आली नाही, वेगळीच, धन लाट आली. अक्षराचं रूप बिघडणं आणि अर्थ बिघडणं या मेंदूसाठी दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पुढे १९९३ मध्ये फिलिप होलकोम यांनी शब्दच खराब करून दाखवले, तेव्हा अर्थाची लाट आली, पण उशिरा. संदर्भाचा तिच्यावरचा परिणाम तेवढाच राहिला. दार अडलं म्हणून आतला माणूस बिघडला नव्हता. त्याच्याकडे निरोप उशिरा पोचत होता.

याच्या बरोबर उलट दिशेची एक बातमी तुम्ही कधीतरी फॉरवर्ड केली असेल: वाचायला अवघड फाँटमध्ये अभ्यास केला तर जास्त लक्षात राहतं. तिचा उगम २०११ चा. डॅनियल ओपनहायमर आणि सहकाऱ्यांनी काल्पनिक जीवांची माहिती काहींना साध्या, काहींना फिकट किंवा चमत्कारिक अक्षरात दिली. अवघड अक्षरवाल्यांना जास्त आठवलं. कल्पना मोहक होती: त्रास झाला की मेंदू जागा होतो. २०१८ मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातून 'सान्स फर्गेटिका' नावाचा, मुद्दाम फटी ठेवलेला फाँटच निघाला. पण इतरांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा परिणाम टिकला नाही. गणिती कोडी अवघड अक्षरात दिली तर लोक जास्त विचार करतात, या जुळ्या दाव्याचं २०१५ मध्ये हेच झालं. १७ अभ्यास, सात हजारांवर माणसं एकत्र केल्यावर फायदा शून्य. 'सान्स फर्गेटिका'नेही २०२० च्या चाचण्यांत स्मरणशक्ती वाढवली नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे दोन-तीन पिढ्या सायक्लोस्टाइलच्या जांभळट, उडालेल्या नोट्स वाचून परीक्षा देत आल्या. तो उपाय असता तर देश एव्हाना स्मरणपंडितांनी भरून गेला असता.

आता पुन्हा देवनागरीकडे, कारण आपल्या लिपीत एक अडचण अशी आहे जी पुसटपणाची नाही, क्रमाची आहे. पहिली वेलांटी. 'कि' म्हणताना आधी 'क' मग 'इ', पण पानावर वेलांटी आधी उभी राहते. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि उच्चार उलट येतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर हे तपासलं. अशा शब्दांना थोडा जास्त वेळ लागतो. सराईत माणसाला हा फरक जाणवत नाही, पण मोजला तर सापडतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फोनवर तर वेलांटी हरवून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसायची, ते आठवत असेल.

हा दोष कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. १९५३ मध्ये लखनौला लिपीसुधारणेची परिषद भरली, आणि तिने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यावी, दीर्घ वेलांटीपेक्षा तिचा दांडा आखूड ठेवावा, अशी शिफारस केली. लोकांना ती पचली नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ यांच्यात मग फक्त दांड्याच्या लांबीचा फरक उरत होता, म्हणजे एक गोंधळ काढून दुसरा आणलेला. आणि सवय तर होतीच. काही वर्षांतच शिफारस मागे घेतली गेली. आपल्याकडेही 'ल' आणि 'श' यांची हिंदी वळणाची रूपं शाळांतून शिकवली गेली आणि २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वळणाचा पाकळीदार 'ल' आणि देठाचा 'श' परत आणला. अक्षरांबाबत माणसं मतदारसंघाइतकी हळवी असतात.

लखनौजवळच्याच खेड्यांत पुढे एक वेगळा प्रयोग झाला. फाल्क ह्यूटिग, मिशाएल स्काइडे आणि भारतीय सहकाऱ्यांनी तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. बदल फक्त वरच्या सालीत नव्हता. डोळ्याकडून येणारी माहिती गाळून पुढे धाडणारे खोलवरचे, फार जुने भाग आणि दृष्टीचे वरचे भाग यांच्यातला ताळमेळ वाढला होता. वयाच्या तिशीत, सहा महिन्यांत. अक्षर शिकणं म्हणजे स्वच्छ बघायला नव्याने शिकणं, असं त्या प्रतिमा सांगतात.

जाव्हालची गोष्ट मात्र अर्धी राहिली. वाचणाऱ्या डोळ्यावर आयुष्य घालवलेल्या या माणसाला काचबिंदू झाला आणि १९०० पर्यंत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. १९०३ मध्ये त्यांनी नव्याने अंध झालेल्यांसाठी एक व्यवहारी पुस्तक लिहिलं. १९०५ मध्ये, स्वतःला एक अक्षरही दिसत नसताना, वाचन आणि लेखनाच्या शरीरशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०७ मध्ये ते गेले.

बोटांनी वाचताना मेंदूत काय होतं, हे पाहायची सोय त्यांच्याकडे नव्हती. २०११ मध्ये अमीर अमेदी, लॉराँ कोएन आणि सहकाऱ्यांनी जन्मांध लोकांना यंत्रात झोपवून ब्रेल वाचायला दिलं. चेतलं तेच डावं, मागचं-खालचं क्षेत्र, जे डोळसांमध्ये छापील शब्दाने चेततं. पॅरिसचा तो व्यापारी बोट फिरवून जे करू पाहत होता त्याचा धागा इथे कुठेतरी लागतो, जरी त्याच्यापाशी ते क्षेत्र जोडलेलं उरलं नव्हतं.

ब्रेललाही स्पष्टतेचे तेच नियम आहेत: ठिपके झिजले, दाट झाले, की बोट अडखळतं. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. तीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने एकापुढे एक येतात. आधी 'क', मग ऱ्हस्व 'इ'. लखनौच्या परिषदेने दोन वर्षांनी मागितलेला क्रम, जो डोळसांनी नाकारला, तो मराठी ब्रेल वाचणारी बोटं तेव्हापासून वाचत आली आहेत.